आपण दुसऱ्याचा निवाडा का करतो? : ख्रिस्ती दृष्टीने एक विचार

व्याख्यानाला नेमाने येणाऱ्या मंडळींना एक अनुभव असतो, पण तो ती सहसा बोलून दाखवीत नाहीत. वक्ता उभा राहतो, पाण्याचा पेला थोडा बाजूला सरकवतो, घसा साफ करतो. आणि त्याने पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वीच अर्ध्या सभेने त्याचा निकाल लावलेला असतो. कोटाला इस्त्री फार कडक, तेव्हा माणूस दिखाऊ असावा. कागदांचा गठ्ठा जाड, तेव्हा आज घरी जायला उशीर होणार. आडनाव अमुक, तेव्हा काय बोलणार ते ठाऊकच आहे. याबद्दल आमची तक्रार नाही. कारण व्यासपीठावर बसल्या बसल्या आम्हीही समोरच्या रांगेतील एका गृहस्थांविषयी 'हे झोपणार' असे मनाशी ठरवून टाकले आहे. ते अद्याप जागे आहेत, हे आम्ही कबूल करतो.

एवढ्यातेवढ्यात कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु हीच सवय सभागृहातून बाहेर पडून घरात, कचेरीत आणि आळीत वावरू लागते, तेव्हा तिच्यामुळे ठरलेली लग्ने मोडतात, भाऊ भावाशी बोलेनासा होतो, आणि एखादे कुटुंब कोणाला न सांगता गाव सोडून जाते. ही सवय माणसाला का जडते आणि ती सुटण्यासारखी आहे काय, याविषयी येशू ख्रिस्ताने व त्याच्या मागून आलेल्या काही विचारवंतांनी जे सांगितले, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. श्रोत्यांपैकी बहुतेकांचा धर्म वेगळा आहे, हे आम्ही जाणतो. रोगाची पीडा मात्र सर्वांच्या घरी सारखीच आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ नीट पाहू. 'दोष काढू नका, म्हणजे तुमचे दोष काढले जाणार नाहीत' या आशयाचा ख्रिस्ताचा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. तिथे मूळ ग्रीक भाषेतील जे क्रियापद आले आहे त्याचे रूप 'क्रिनेइन'. त्याचा एक अर्थ वेगळे काढणे, पारखणे. आणि दुसरा अर्थ निकाल देणे. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण आपल्याकडेही 'निवडणे' आणि 'निवाडा' हे शब्द असेच एकमेकांशेजारी नांदतात. घरातील बाई सुपात तांदूळ घेऊन खडे निवडते, तेव्हा ती निवड करते. त्यावाचून जेवण होणार नाही. पण एक खडा दिसला म्हणून तिने सगळे सूपच उकिरड्यावर उपडे केले, तर त्याला निवडणे कोणी म्हणणार नाही. ख्रिस्ताने मनाई केली आहे ती सूप उपडे करण्याला. 'हे कृत्य वाईट आहे' असे म्हणणे वेगळे, आणि 'हा माणूसच वाईट, याच्याकडून आता कसली आशा नाही' असे म्हणणे वेगळे. पहिले काम विवेकाचे आहे. दुसऱ्या वाक्यात आपण माणसाची सारी वही वाचल्याचा दावा करतो, आणि ती वही तर आपल्या हाती कधी आलेलीच नसते.

याच उपदेशात पुढे कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टांत येतो. मराठी बायबलातील ही जोडी आपल्या इतकी कानांत बसली आहे की तिच्यातील गंमत आता आपल्याला जाणवत नाही. मूळ ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी जो शब्द आहे त्याचा अर्थ छपराला घालतात ती तुळई असा आहे. सांगणारा स्वतः सुतारकाम केलेला माणूस. डोळ्यात तुळई अडकलेला एक इसम शेजाऱ्याच्या डोळ्यातील काडी काढायला निघाला आहे, हे चित्र ऐकून त्या डोंगरावरील श्रोते हसले असतील, असे आम्हांस वाटते. परंतु दृष्टांताचा शेवट पुष्कळजण विसरतात. 'काडी तशीच राहू दे' असे तेथे सांगितलेले नाही. आधी आपल्या डोळ्यातील तुळई काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातील काडी काढण्यापुरते तुला स्वच्छ दिसू लागेल, असा त्याचा रोख आहे. तेव्हा हा उपदेश दुसऱ्याच्या दोषाकडे कानाडोळा करण्याचा नाही. तो आधी स्वतःची नजर साफ करण्याचा आहे.

आता कारणांकडे वळू. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने हा प्रश्न एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसा तपासला आहे. अपुऱ्या पुराव्यावर दुसऱ्याविषयी वाईट ग्रह करून घेण्याची तीन कारणे त्याने दिली. पहिले, माणूस स्वतःच तसा असतो, म्हणून दुसराही तसाच असेल असे त्याला वाटते. दुसरे, त्या व्यक्तीविषयी मनात आधीच राग, द्वेष किंवा मत्सर असतो. मग जे वाईट असावेसे वाटते ते खरेही वाटू लागते. तिसरे कारण दीर्घ अनुभवाचे. फसवणुकीचे चटके खाल्लेली वृद्ध माणसे म्हणून अधिक संशयी असतात, हे त्याने अ‍ॅरिस्टॉटलच्या आधारे नोंदवले. आणि या तिसऱ्या कारणात दोषाचा अंश कमी, असेही म्हटले. त्याचा निष्कर्ष मात्र व्यवहारी माणसाला चमकवणारा आहे. वाईट माणसाला चांगले समजण्याची चूक पुष्कळदा झाली तरी चालेल, पण चांगल्या माणसाला वाईट समजण्याची चूक थोड्या वेळाही होऊ नये, असे तो सांगतो. कारण पहिल्या चुकीत कोणावर अन्याय होत नाही, दुसऱ्या चुकीत होतो.

या तीन कारणांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत पर्यवेक्षक होतो. आमचे एक सहकारी शिक्षक शाळा सुटल्याची घंटा होताच सायकल काढून निघून जात. स्नेहसंमेलनाच्या तालमींना नाहीत, सहलीच्या बैठकीला नाहीत. आम्ही त्यांच्या गोपनीय अहवालात 'संस्थेच्या कामाविषयी आस्था कमी' असे चार शब्द लिहिले. पुढे पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्या चार शब्दांमुळे ती त्यांना मिळाली नाही. आठ-नऊ वर्षांनी आम्हांला कळले की त्यांचे थोरले बंधू अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांना रोज संध्याकाळी अंघोळ घालून जेवू घालण्याचे काम या गृहस्थांनी कोणालाही न सांगता एक तपभर केले होते.

हे ऐकून आम्हांला वाईट वाटले हे खरे. पण खरा धक्का नंतर बसला. त्याच वर्षांत आठवड्यातून तीन दिवस आम्हीही घंटा होताच निघत होतो. आम्हांला ग्रंथालयाची समिती होती, व्याख्यानमालेची समिती होती. आमच्या निघण्याला आम्ही 'सार्वजनिक कार्य' म्हणत होतो, त्यांच्या निघण्याला 'कामचुकारपणा'. कृती एकच, घंटा एकच, सायकलीदेखील एकाच छपराखाली लावलेल्या. फरक एवढाच की स्वतःच्या कृतीमागचे कारण आम्हांला ठाऊक होते आणि त्यांच्या कृतीमागचे ठाऊक नव्हते. जे ठाऊक नव्हते ते विचारण्याऐवजी आम्ही ते त्यांच्या स्वभावातून भरून काढले.

आधुनिक मानसशास्त्राने या खोडीचा पुष्कळ अभ्यास केला आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आमच्या विषयाशी फार जवळचा आहे. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणसंस्थेतील ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटे भाषण देण्यासाठी पाठवले. काहींच्या भाषणाचा विषय होता चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. म्हणजे वाटेत घायाळ पडलेल्या परक्या माणसाला उचलून नेणाऱ्या प्रवाशाची, ख्रिस्ताने सांगितलेली कथा. वाटेत एका दारापाशी एक मनुष्य मान टाकून कण्हत बसलेला होता. त्याला तसे बसवून ठेवले होते. ज्यांना वेळ भरपूर होता त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी काही ना काही मदत केली; ज्यांना बेताची घाई होती त्यांच्यापैकी ४५ जणांनी; आणि 'तुम्हांला उशीर झाला आहे' असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० जणांनी. भाषणाचा विषय कोणता आहे याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे आकडे ऐकताच 'काय हे भावी धर्मगुरू!' असा उद्गार आपल्या ओठांवर येतो. थोडे थांबा. प्रयोगाचा बोध नेमका याच्या उलट आहे. जो थांबला आणि जो थांबला नाही, त्यांच्यांत फार मोठा फरक घड्याळाचा होता. आपण मात्र घड्याळ पाहत नाही, माणूस पाहतो आणि त्याच्या अंतःकरणाची किंमत करून मोकळे होतो.

परंतु अज्ञान एवढेच कारण असते, तर खरी हकीगत कळताच माणसाने हर्षाने आपले मत बदलले असते. तसे होत नाही. एखाद्याविषयीचे वाईट मत खोटे ठरले की आपला थोडा हिरमोडच होतो. याचा अर्थ असा की त्या मतापासून आपल्याला काही लाभ होत होता. हा लाभ कोणता, हे ख्रिस्ताने परूशी आणि जकातदार यांच्या दाखल्यात उघड केले आहे. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी म्हणजे नियमनिष्ठ पंथातील प्रतिष्ठित गृहस्थ. आठवड्यातून दोन उपवास करणारा, उत्पन्नाचा दहावा भाग देणारा. जकातदार म्हणजे परकीय रोमन सत्तेचा कर आपल्याच लोकांकडून वसूल करणारा आणि त्यात स्वतःचे हात ओले करून घेण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेला. परूशी देवाचे आभार मानतो, की मी या इतर लोकांसारखा आणि या जकातदारासारखा नाही. जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो आणि दया मागतो. ख्रिस्त म्हणतो, देवाच्या दृष्टीने नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा.

परूशाने सांगितलेली माहिती खोटी नव्हती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जकातदार खरोखरच तसा होता. म्हणजे निवाडा वस्तुस्थितीला धरून असला तरी तो करणाऱ्याचे अंतःकरण बिघडवू शकतो. परूशाला देवापुढे स्वतःची उंची मोजावयाची होती, आणि ती मोजण्यासाठी त्याला शेजारी एक बुटका माणूस हवा होता. जकातदार नसता तर त्याने दुसरा कोणी शोधला असता. आणि ही गोष्ट ऐकून 'देवा, आम्ही त्या परूशासारखे नाही' असे जो मनात म्हणतो, तो त्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

या सर्वांच्या मुळाशी भीती आहे, असे ख्रिस्ती विचार सांगतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील आदिमानवाची कथा पाहा. देवाने विचारले, 'तू ते फळ खाल्लेस काय?' उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच होते. पण आदामाने बोट दाखवले हव्वेकडे, आणि हव्वेने सर्पाकडे. स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात सापडलेला माणूस सुटकेसाठी पहिली गोष्ट करतो ती ही, की दुसऱ्या कोणाला तरी त्या पिंजऱ्यात ढकलतो आणि आपण न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसतो. आपण सर्वजण थोडेफार भेदरलेले आरोपी आहोत. दुसऱ्याचा निकाल लावताना जे समाधान मिळते, ते न्याय झाल्याचे क्वचितच असते. आपली पाळी पुढे गेल्याचे असते.

याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ज्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेच हे रानडे. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारक मित्र त्यांच्यावर उसळले. चहासाठी एका बाजूने दोषी, प्रायश्चित्तासाठी दुसऱ्या बाजूने दोषी. आपल्यामुळे अडचणीत आलेल्या स्नेह्यांची कुचंबणा सुटावी, हा त्यामागचा हेतू होता, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून कळते. पण हेतू विचारण्याइतकी उसंत दोन्ही न्यायासनांना नव्हती. प्रत्येक पक्षाला आपली शुद्धता सिद्ध करावयाची होती, आणि त्यासाठी रानडे हाताशी सापडले होते.

येथे केवळ सनातन्यांकडे बोट दाखवून आम्ही थांबलो, तर आमचीही गत आदामासारखी होईल. ख्रिस्ताच्या या उपदेशाचा भंग ख्रिस्ती मंडळींनी कोणाहूनही कमी केलेला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्याबद्दल इकडे समाजाने त्यांचा निकाल लावलाच. पण ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या होत्या, त्यांनाही रमाबाई धर्ममतांविषयी प्रश्न विचारतात हे खपेना. स्वतंत्र बुद्धीच्या त्या विदुषीच्या शंकांना गर्वाचे नाव मिळाले. तो पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. प्रेमाच्या भाषेतही किती कठोर निवाडा लपू शकतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने तो वाचावा.

'मग न्यायालये बंद करावयाची काय? चोराला चोर म्हणू नये काय? मुलाला रागावू नये काय?' असे प्रश्न आपल्या मनात आले असतील, आणि ते रास्त आहेत. त्याच सातव्या अध्यायात ख्रिस्त खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहावयास सांगतो. झाड फळावरून ओळखावे, असे म्हणतो. करिंथ येथील मंडळीत एक गंभीर दुराचार चालू असताना सगळे गप्प बसले, म्हणून पौलाने त्यांची कानउघाडणी केली. दुर्बळावर अन्याय होत असता 'आम्ही कोणाचा दोष पाहत नाही' म्हणून बाजूला सरणे हा साधुपणा नव्हे. तो अन्याय करणाऱ्याला दिलेला हातभार आहे. न्यायालयातील न्यायाधीश पुरावा मागतो, आरोपीचे म्हणणे ऐकतो, आणि त्याच्या निर्णयावर अपील असते. कट्ट्यावरच्या न्यायालयात या तिन्ही गोष्टी नसतात. आमचा आक्षेप आहे तो त्या न्यायालयावर.

उपाय काय? ख्रिस्ती धर्माचे उत्तर 'कृपा' या एका शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ एका दाखल्यावरून चटकन ध्यानात येतो. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. राजाने ते सारे माफ केले. बाहेर पडताच त्या चाकराने आपल्या एका सोबत्याचा गळा धरला, कारण त्याच्याकडून १०० दीनार यावयाचे होते. शंभर दिवसांची मजुरी ही काही लहान रक्कम नाही. सोबत्याचा दोष खराच होता. पण नुकतीच ज्याची सहा कोटींची वही फाडली गेली, त्याला शंभरांसाठी गळा धरणे शोभत नाही. आपल्याला क्षमा झाली आहे हे ज्याच्या मनात खरोखर उतरले, त्याला दुसऱ्याला पिंजऱ्यात उभे करण्याची गरजच उरत नाही. भीती गेली म्हणजे तिच्यापोटी आलेली खोडही ढिली पडते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात मोशे नावाचे एक तपस्वी राहत. पूर्वायुष्यात ते दरोडेखोर होते. एका बंधूच्या हातून अपराध घडला, म्हणून इतर तपस्व्यांनी सभा भरवली आणि मोशे यांना बोलावणे पाठवले. ते येईनात. पुन्हा निरोप गेला, तेव्हा ते एक गळकी घागर पाण्याने भरून खांद्यावर घेऊन निघाले. मंडळींनी विचारले, हे काय? ते म्हणाले, माझी पापे माझ्या पाठीमागे अशीच गळत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलो आहे. सभा तेथेच संपली. त्या बंधूला क्षमा करण्यात आली.

ज्यांना घागर उचलणे कठीण वाटते त्यांच्यासाठी एक सोपा नियम इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिला आहे. यांच्याच संघाचे फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले. १५४८ साली छापल्या गेलेल्या आपल्या साधनाग्रंथाच्या आरंभीच ते सांगतात : दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी आधी ठेवावी. तसा अर्थ लागत नसेल, तर तुमचा आशय काय, असे त्यालाच विचारावे. आणि त्याचे म्हणणे खरोखरच चुकीचे असेल, तर ते प्रेमाने सुधारावे. या तीन पायऱ्यांत मधली पायरी आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. आपण पहिलीवर पाय ठेवीत नाही, तिसरीवर एकदम उडी मारतो, आणि विचारण्याची मधली पायरी तर वापरावाचून शेवाळून गेली आहे.

आम्ही ती फार उशिरा चढलो. ते शिक्षक निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्या अहवालातील चार शब्दांची कबुली दिली. त्यांचे बंधू तोवर निवर्तले होते. खाट मात्र अजून माजघरात होती. त्यांनी चहा टाकला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, मला अंदाज होता. पण मीही तुम्हांला इतकी वर्षे संस्थाचालकांचा माणूस समजत आलो. समितीच्या नावाखाली तुम्ही त्यांच्याकडे चहाड्या करायला जाता, असे मी दोघातिघांना सांगितलेही होते." आम्ही एकमेकांकडे पाहिले. एकाच छपराखाली सायकली लावून आम्ही दोघांनी एकमेकांचे खटले चालवले होते, आणि दोघांनीही साक्षीदार म्हणून फक्त स्वतःलाच बोलावले होते.

त्यांची हुकलेली जागा आमच्या कबुलीने परत आली नाही. निवाड्याचे हेच मोठे भय आहे. तो मागे घेता येतो, त्याने झालेली हानी मागे घेता येत नाही. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते, की आज घरी जाताना ज्याच्याविषयी आपले मत कायमचे ठरून गेले आहे असे एक नाव आठवून पाहावे, आणि त्या माणसाला आपण एक प्रश्न तरी कधी विचारला होता काय, हे स्वतःला विचारावे. पहिल्या रांगेतील ते गृहस्थ अजून जागे आहेत. त्यांची आम्ही जाहीर क्षमा मागतो.